भागिले तीन

माझ्या भावाने मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला एक्झिक्युटर म्हणून मला नेमलं, कारण स्वतःच्या दोन्ही मुलांच्या अकलेबद्दल त्याला काडीचा भ्रम नव्हता. घर मुलांना, त्यातली मागची खोली मात्र बाईला मरेपर्यंत राहायला. बँकेतली ठेव आणि बाकी उरेल ते सगळं पुन्हा मुलांनाच. बाई म्हणजे तो अंथरुणाला खिळल्यावर सहा वर्षं त्याचं सगळं करणारी. मुलं महिन्याकाठी एकदा येत, तीही फळं घेऊन, आणि निम्मी फळं स्वतःच खाऊन जात.

मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेट, मिळाल्याशिवाय पुढचं काही हलणार नव्हतं. त्याची कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर ठरते, हे मी थोरल्या पुतण्याला आधीच बजावलं होतं. तरी घराची किंमत ठरवायला माणूस आला तेव्हा हा दिवटा त्याच्या मागे मागे फिरत फरशी किती महाग, शेजारचं घर केवढ्याला गेलं, ते ऐकवत राहिला. सासरी त्याने एक आकडा सांगून टेंभा मिरवला होता, तोच आता अहवालात हवा होता. त्या माणसाचं काय जातंय, त्याने लिहिला. फी जवळजवळ दुप्पट झाली. धाकटा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. तेवढी एकच कला त्याला अवगत आहे.

फीचा आकडा पाहून दोघांची तोंडं उतरली. ठेवीला हात लावायचा म्हटल्यावर तर थोरल्याने पासबुकच खिशात घातलं.

"आत्या, घेणारे तिघं आहेत ना? मग खर्चही तिघांत," तो म्हणाला.

मला ते पटलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. वकील नुसता समोर बसायचेही पैसे लावतो, त्याला कशाला विचारायचं? मी स्वतःच कागद घेतला. कोर्ट फी, वकिलाची फी, वर्तमानपत्रातली नोटीस, किंमत ठरवणाऱ्याचे पैसे. बेरीज केली, तिला तीनने भागलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. बाईच्या वाट्याला तिची चौदा महिन्यांची कमाई येत होती. वाईट वाटलं मला, पण हिशेब तो हिशेब म्हणून कागद तिच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी थोरला दुसरा कागद घेऊन हजर. बाईने खोलीवरचा हक्क सोडायचा, मग तिच्याकडे खर्च मागणार नाही. बाईने सही केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली. जाताना पुतण्यांनी तिला रिक्षाचं भाडं दिलं आणि ते दिल्याचं आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या महिन्यात अर्ज दाखल करायला वकिलाकडे गेले. त्याने माझा हिशेब वाचला आणि तो कुणी केला, असं विचारलं. मी केला, असं ताठ मानेने सांगितलं.

"प्रोबेटचा खर्च मालमत्तेतून जातो, माणसांच्या खिशातून नाही," तो म्हणाला. "तुमच्या भावाच्या मृत्युपत्रात 'बाकी उरेल ते' असं आहे ना, त्यातून आधी. ठेव पुरून उरली असती. त्या बाईंना एक पैसाही द्यायचा नव्हता."

थोरल्याला हे ठाऊक असेल का, असं क्षणभर मनात आलं. छे. त्याची तेवढी झेप नाही. त्याने अंधारात दगड मारला होता. नेम धरून दिला तो मी. आयुष्यभर ज्यांना मठ्ठ म्हणून हिणवलं, त्यांच्या रांगेत मी सगळ्यात पुढे उभी होते, आणि मला स्वतःची किळस आली.

बाईचा पत्ता शोधून काढला. दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या घरी ती कामाला लागली होती. रात्री त्याच्या खोलीबाहेरच्या बोळात झोपायची. तिची ट्रंक तिथेच भिंतीला लावलेली होती. मी सगळं सांगितलं. सही फसवून घेतली असं तिने कोर्टात सांगितलं तर खोली परत मिळू शकेल, असंही सांगितलं.

तिने आतल्या म्हाताऱ्याला हाक देऊन आलेच म्हटलं आणि माझ्याकडे वळली.

"त्या दोघांवर माझा कधीच विश्वास नव्हता, ताई," ती म्हणाली. "सही केली ती तुमचा हिशेब बघून. आता कोर्टात कुणी फसवलं म्हणून सांगू?"