आवाज वाढवणारा हात

सरकारी सभांना माईक लावणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंग्या म्हणत. ख्याती एकच: त्याच्या हाताखालून गेलेला शब्द शेवटच्या रांगेत डुलक्या काढणाऱ्यालाही दचकवायचा.

त्या सकाळी मात्र भोंग्या देव पाण्यात घालून बसला होता. मंत्रिसाहेब आज त्याच्या ताईचं नाव घेणार होते.

ताई सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स. महिनाभर नळाला तांबडं पाणी येत होतं आणि पोरं जुलाबाने आडवी होत होती. ताईने त्या पाण्याची बाटली पत्रकारांसमोरच पाणीखात्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या, एक घोट पिऊन दाखवा." प्यायलं कुणी नाही; पण खात्याने तातडीने चौकशी केली. पाण्याची नव्हे, ताईची. निष्कर्ष असा निघाला की पाणी निर्मळ आहे, तांबडेपणा बाईंच्या डोक्यात आहे आणि बाई कम्युनिस्टांच्या संपर्कात आहेत.

"संपर्कात?" ताई म्हणाली होती. "मला मेलीला सख्ख्या जावेला फोन करायला वेळ नाही!"

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागच्या सभेत साहेबांनी गुरांच्या एका डॉक्टरला असंच कम्युनिस्ट ठरवलं. त्याची नोकरी गेली, मग घरमालकाने कुलूप बदललं. हल्ली म्हणे गुरंही त्याला ओळख दाखवत नाहीत. माईकवरून नाव गेलं की माणूस गेला.

म्हणून भोंग्याने बेत केला होता. नाव आलं की वायर ओढायची. साहेब खेकसतील, आपण कान धरू. साहेबांना टाळ्यांची घाई असते. नाव घ्यायला ते मागे फिरायचे नाहीत.

"जमेल ना रे?" ताईने विचारलं होतं.

"वायर माझी, माईक माझा. तोंड तेवढं त्यांचं."

सभा सुरू झाली. साहेबांचा आवाज असा, की माईक केवळ मानपानासाठी लावायचा. भोंग्याचा डावा हात वायरीवर, उजवा मिक्सरवर. साहेब पाण्यावर गरजले, शत्रूंवर गरजले, पाण्यातल्या शत्रूंवर गरजले. आणि नावापाशी येताच एकदम थांबले. घरातलं गुपित सांगावं तसे माईकवर वाकले आणि अगदी हळू, दुःखी आवाजात त्यांनी ताईचं नाव घेतलं.

बोलणाऱ्याचा आवाज पडला की बटण वर सरकवायचं, हे भोंग्याचा उजवा हात भोंग्याला विचारून करत नसे. झोपेत कुणी पुटपुटलं तरी त्याची बोटं उशीवर सरकतात, अशी बायकोची तक्रार होती. डावा हात वायर ओढणार, तोवर उजव्याने काम केलं होतं. नाव मैदान ओलांडून पार पाण्याच्या टाकीवर आदळलं आणि परत येऊन पुन्हा एकदा ऐकू आलं.

"वा, भोंग्याशेठ!" साहेबांच्या पीएने पाठ थोपटली. "काय नाव गेलं हो! पुढच्या सगळ्या सभा तुमच्याच."

भोंग्या घरी पोचला तेव्हा ताई ओट्याशी उभी राहून पाणी गाळत होती. फडकं तांबडं झालं होतं. 'उद्यापासून येऊ नका' म्हणून दवाखान्यातून फोन येऊन गेला होता.

"ताई, हात चुकला गं."

"चुकला कुठे? कोपऱ्यावरच्या खांबाला तूच बांधलायस ना तो कर्णा? एकदासुद्धा खरखरला नाही." मग फडकं पिळत म्हणाली, "मला वाटलं, निदान खोकशील तरी."

तिने त्याला वाढलं, खिडकी उघडली. खाली गल्लीत शेजारणी बोलत उभ्या होत्या. ताई दिसताच त्यांचं बोलणं कुजबुजीवर आलं.

भोंग्याचं बोट आपसूक ताटाच्या कडेवरून वर सरकलं. आवाज काही वाढला नाही.