सातव्या ओळीतले माप

मी एक जुनी यादी आहे. मित्रांनो, यादी म्हटल्यावर तुम्हाला वाण्याची यादी आठवली असेल, तर तुमचे फारसे चुकलेले नाही. फक्त माझ्यात साखर आणि साबण नाही, पत्ते आहेत. मी एका संगणकाच्या पोटात राहते. या संगणकाला नवा प्रोग्राम हवा असला किंवा जुन्याची डागडुजी करायची असली, की तो आधी मला उघडतो आणि विचारतो, माल कुठून आणू? मी सांगते, अमुक गोदामातून, तमुक कप्प्यातून. मग तो इंटरनेटवरून तिथे जातो आणि माल घेऊन येतो. दिसायला मी अगदी साधी, सगळ्या मिळून अकरा ओळी, ना चित्र ना रंग. पण माझी एक ओळ बिघडली की एवढे मोठे यंत्र हातपाय गाळून बसते. याचा मला थोडा गर्व आहे, तो आधीच कबूल करते.

माझा जन्म एका शिंप्याच्या कामाच्या खोलीत झाला. गुडघे दुखू लागल्यावर त्याला कापायच्या लांब टेबलाभोवती दिवसभर फेऱ्या मारणे झेपेना. मग त्याने हा संगणक जुन्या बाजारातून आणला, त्यात संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि एक चित्र काढायचा प्रोग्राम मागवला. तो प्रोग्राम माझ्याच एका पत्त्यावरून आला. त्यात तो कोटाचे भाग आखायचा, छोट्या कागदांवर छापायचा, ते कागद डिंकाने जोडायचा आणि मग कापडावर ठेवायचा. कागद कापल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्याचा नियम होता. दुसरा नियम असा, की चिंधीसुद्धा फेकायची नाही.

हा दुसरा नियम त्याने मलाही लावला. एखादा पत्ता निकामी झाला तरी तो कधी खोडायचा नाही. ओळीच्या आधी एक चौकटीची खूण करायचा. तशी खूण दिसली की यंत्र ती ओळ न वाचता पुढे जाते. खुणेनंतर तो शेराही लिहायचा. "हा पत्ता दगाबाज आहे. मेव्हण्याने सुचवला होता." "हा बरा, पण सकाळी झोपलेला असतो." इतर संगणकांतल्या माझ्या बहिणी कोरड्या असतात. माझ्या अंगावर मात्र शिंप्याच्या कपाटासारखी गाठोडी होती.

ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. दर सोमवारी तो मला ताजी करायचा. सगळी गोदामे ओ द्यायची, आणि तो पडद्यावर टिचकी मारून म्हणायचा, "शहाणी आहे." ही टिचकी पडद्याला बसायची आणि कौतुक संगणकाला वाटायचे, पण मला ठाऊक होते कोण शहाणे ते.

आता माझ्या बिघाडाची गोष्ट. शिंप्याने साऱ्या गावाला कोट शिवले, पण बायकोचा कोट कायम पुढच्या महिन्यात असायचा. शेवटी एकदा त्याने गडद निळे लोकरी कापड आणले. पुढचे भाग आखले, पाठ आखली, कागद छापले, कापड कापलेसुद्धा. राहिल्या फक्त बाह्या. आणि उरलेले कापड नेमके दोन बाह्यांपुरते होते. चुकायला चार बोटेही जागा नव्हती.

त्या सोमवारी तो माझी सातवी ओळ दुरुस्त करायला बसला होता. तेवढ्यात बायको दारातून गेली.

"अगं, थांब जरा. माप पुन्हा बघू दे."

"परवाच तर घेतलंत!"

"परवा तू श्वास रोखून उभी होतीस."

त्याने फीत लावली, आणि एका हाताने फीत धरून दुसऱ्या हाताने समोर जे उघडे होते त्यात आकडे लिहीत गेला. समोर संगणकातली त्याची मापांची वही उघडी आहे असे त्याला वाटले. समोर मी होते! छाती अडतीस, खांदा पंधरा, पाठ सोळा. मग स्वयंपाकघरात दूध उतू गेले, बायको पळाली, शिंप्याने "असू दे, बाहीचं ठाऊक आहे" म्हटले, आणि मला जतन करून टाकले.

दुसऱ्या दिवशी संगणकाने मला वाचायला घेतले. सातव्या ओळीवर येऊन तो थबकला. पत्त्याच्या जागी छाती अडतीस! असले गोदाम त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने जाहीर केले की यादी कळत नाही, सबब आजपासून काही आणणार नाही. शिंप्याला वाटले, आपली प्रणाली म्हातारी झाली. त्याने कुठल्याशा सल्ल्याच्या पानावरून नव्या आवृत्तीचे तीन पत्ते उचलले, माझ्या शेवटी डकवले आणि यंत्र सातवी ओळ चूक म्हणत होते म्हणून तिला खूण करायला गेला, पण खूण पडली आठव्या ओळीला. तासभर तो यंत्राला नव्या आवृत्तीकडे ढकलत राहिला. आता माझ्यात अर्धे पत्ते जुन्या आवृत्तीचे आणि अर्धे नव्या. म्हणजे धड एका गिऱ्हाइकाच्या मापाचे आणि हात दुसऱ्याच्या. या ओढाताणीत संगणकाने चित्र काढायचा प्रोग्राम काढून टाकला आणि यादी कळत नसल्याने तो परत आणता आला नाही. बाह्या आखून झाल्या होत्या, पण त्या उघडणारे आता घरात कोणी नव्हते.

"उद्या बघतो," शिंपी म्हणाला.

चार दिवसांनी तो गेला. सकाळी कामाला बसायच्या आधी.

पुढे सहा महिने संगणकावर जुनी चादर होती. मला कोणी उघडले नाही. पंखा फिरत नव्हता, आणि टेबलाच्या कडेला कोटाचे कापलेले भाग टाचण्या लावून घडी घालून ठेवले होते.

मग एका गुरुवारी शिंप्याची मुलगी आली. ती ग्रंथपाल आहे, दुसऱ्या गावी असते. तिच्यामागे तिचा मामा आला. हाच तो, माझ्यात दगाबाज पत्ता सुचवणारा.

"ताई, मी शनिवारी चार वाजता दुरुस्तीवाल्याला बोलावलंय," मामा आपल्या बहिणीला, म्हणजे शिंप्याच्या बायकोला म्हणाला. "सगळं पुसून नवं टाकेल. यंत्र चकाचक होईल."

"आणि बाह्या?" आईने विचारले.

"बाह्यांच्या फाइली तो एका पेनड्राइव्हच्या काडीवर काढून देईल."

"उघडतील?" मुलीने विचारले.

मामाने छताकडे पाहिले. त्याच्या वतीने मी सांगते, मित्रांनो. उघडणार नव्हत्या. तो जुना प्रोग्राम नव्या प्रणालीत मिळतच नाही.

"दुसऱ्या शिंप्याकडून बाह्या लावून घे ना, ताई. गावात काय शिंप्यांचा दुष्काळ पडलाय?"

"मग तो कोट दोघांचा होईल," आई म्हणाली, आणि विषय संपला.

मुलीकडे दोन दिवस होते. तिने चादर काढली, यंत्र सुरू केले, आणि ते म्हणाले, यादी कळत नाही. इतर कोणी असते तर माझ्यावर चिडले असते. ती ग्रंथपाल असल्याने यादीवर चिडत नाही, यादी वाचते. तिने सगळ्यात आधी माझी एक हुबेहूब प्रत काढून बाजूला ठेवली. कागद कापल्याशिवाय कापडाला हात न लावणाऱ्याच्या घरात वाढलेली ती! आयुष्यात प्रथमच मला जुळी बहीण मिळाली. मग मुलगी वरून वाचत आली. वडिलांचे शेरे आले तशी ती हळू वाचू लागली. मेव्हण्याच्या शेऱ्यापाशी तिला हसू आले.

सातवी ओळ तिने नीट वाचलीच नाही, खुणेने झाकलेली ओळ तीच असे ती धरून चालली. नव्या-जुन्याची सरमिसळ आधी दिसली, म्हणून तिने डकवलेले तीन पत्ते खूण करून झाकले. मग जुने पत्ते बघितले, तर गोदामेच बंद! जुन्या आवृत्तीचा माल कधीच हलवला होता. कुठे हलवला, ते शोधण्यात तिचा शुक्रवार गेला. गोदामवाले जुना माल फेकत नाहीत, लांबच्या एका कोठारात नेऊन ठेवतात, हे तिला संध्याकाळी समजले. ती उठून आईला म्हणाली, "आई, यांनीसुद्धा चिंध्या जपून ठेवल्यात." शनिवारी सकाळपासून तिने एकेक पत्ता बदलून कोठाराचा केला. तरी यंत्र म्हणे, यादी कळत नाही.

चारला दुरुस्तीवाला आला. वेळ पाळणारा मनुष्य, त्याला काय म्हणणार? आल्या आल्या पिशवीतून पुसायची काडी काढून त्याने टेबलावर ठेवली. मित्रांनो, माझ्या सगळ्या ओळी थरथरल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

"चहा घ्या," मुलगी म्हणाली. "चहा होईपर्यंत मला द्या."

"चहा म्हणजे दहा मिनिटं."

"आमच्याकडे वीस लागतात."

तो बसला. पण जातिवंत कारागिराला दुसऱ्याचे काम नुसते बघवत नाही. तीन मिनिटांत तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"चूक कितव्या ओळीत सांगतंय?"

"सातव्या. पण ती तर झाकलेली आहे."

"झाकलीय ती आठवी. सातवी उघडीच आहे की." आणि त्याने पडद्याला नाक लावून खणखणीत आवाजात वाचले, "छाती अडतीस, खांदा पंधरा, पाठ सोळा. ही कुठली कमांड?"

स्वयंपाकघरातून आई चहाचे गाळणे हातात घेऊनच बाहेर आली.

"माझी मापं चौकात वाचायची आहेत का?"

दुरुस्तीवाला दोन पावले मागे सरकला. मामाला एकाएकी ठसका लागला. मुलगी आईकडे बघत राहिली, मग पडद्याकडे.

"आई, बाबांनी तुझं माप इथे लिहिलंय. यादीत."

"दूध उतू गेलं होतं," आई एवढेच म्हणाली, आणि गाळण्यातून चहा टिपकत राहिला.

"बाहीचं माप आहे का?" मामाने विचारले. एकदाच, पण मुद्द्याचे.

नव्हते. मुलीने सातवी ओळ माझ्यातून उचलून कागदावर उतरवून घेतली, आणि तिच्या जागी खरा पत्ता लिहिला. मग माझे बोट धरून यंत्राला कोठाराकडे पाठवले. एक पत्ता लागला. दुसरा लागला. चौथा बराच वेळ घुटमळला आणि लागला. सगळ्या ओळी ओ देऊ लागल्या, आणि प्रोग्राम लांबच्या कोठारातून खुरडत घराकडे निघाला. वीस टक्के. चाळीस टक्के. दुरुस्तीवाल्याचा चहा झाला, दुसरा कप झाला. एकसष्टवर गाडी अडली, तेव्हा पुसायची काडी त्यानेच उचलून पिशवीत टाकली आणि म्हणाला, "थांबू की. घाई कुणाला आहे?"

बाह्यांची फाइल उघडली, आणि पडद्यावर दोन बाह्या शेजारी शेजारी आल्या. मुलीने श्वास सोडला, आणि लगेच परत ओढून घेतला.

"उजवी लांब आहे."

दुरुस्तीवाल्याने मोजले. "अर्ध्या इंचाने. फाइल बिघडलीय. असं होतं. ओढाताणीत एखादी रेघ सरकते."

मी घाबरले. मित्रांनो, प्रोग्राम माझ्या पत्त्यावरून आला होता. माल खराब निघाला तर नाव माझे.

"आता काय करायचं?" मामा म्हणाला. "डावी बरोबर धरायची की उजवी? कापड तर एकदाच कापता येणार."

"डावीच दोनदा छापू," मुलगी म्हणाली, पण तिचा हात कळीवर जाईना.

आई पुढे झाली. तिने पडद्यावरच्या बाह्या बघितल्या, बराच वेळ. मग तिने दोन्ही हात सरळ समोर धरले, तळवे आतल्या बाजूला करून. मामा बघत राहिला. दुरुस्तीवाल्याने मोजायची फीत उचलली आणि परत ठेवली. मोजायची गरज नव्हती, उजवा हात डाव्याच्या पुढे गेला होता.

"लहानपणापासून आहे," आई म्हणाली. "कुणाला कळू दिलं नाही. पदर घेते, पिशवी कायम उजव्या हातात धरते, म्हणजे तो लक्षात येत नाही."

"ताई, मला नाही माहीत!" मामा म्हणाला.

"तुला काय माहीत असतं? ह्यांनी पहिल्यांदा माप घेतलं तेव्हाच ओळखलं असणार. फीत दोनदा लावली आणि गप्प बसले. मीही विचारलं नाही. माझे सगळे कपडे मला कसे नीट बसतात, याचं तेवढं मला नवल वाटायचं."

"बाबा कधी बोलले नाहीत?"

"नाही. फक्त उजवी बाही लांब आखली."

मुलीने दोन्ही बाह्या जशा होत्या तशा छापल्या. दुरुस्तीवाल्याने कागदांच्या कडा जुळवल्या, मामाने डिंक लावला आणि थोडा स्वतःच्या बाहीलाही लावला. कापडाला कात्री आईने लावली. इतकी वर्षे ती काज आणि बटणे करायची, कात्रीला तिने कधी हात लावला नव्हता. कात्री रेघेवरून सरळ गेली.

आता मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. माझ्यासारख्या याद्या तुमच्याही यंत्रांत आहेत, कुठेतरी खोल, कोणाच्या लक्षात नसलेल्या. त्यांच्यात बदल करायच्या आधी एक प्रत काढा. कुठल्याही पानावरचे पत्ते उचलून डकवू नका. फोन वाजला किंवा दूध उतू गेले, तर आधी बघा की समोर काय उघडे आहे. आणि कोणाच्या घरातले जुने यंत्र पुसायला निघाल, तेव्हा त्या घरात विचारा की यात कोणाचे काही अर्धे राहिले आहे का. उत्तर यायला वेळ लागला तर चहा घ्या.

कोट दहा दिवसांनी पूर्ण झाला. आई तो घालून सकाळी बाजारात निघाली. त्या दिवशी तिने पिशवी डाव्या हातात धरली होती, आणि दोन्ही बाह्या मनगटाच्या हाडापाशी बरोबर थांबल्या होत्या.