आयडेलचं बारावं पाऊल

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. मेपलच्या फळ्यांची. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाने मला मुलींच्या व्यायामशाळेत बसवलं, तेव्हा जन्मभर चेंडूंचे दणके खायचे, एवढंच मी धरून चालले होते.

मग वर्ना लिंडक्विस्ट आणि आयडेल ब्रँट तिथे शिकवायला आल्या. दिवसभर मुलींकडून कवायत करून घ्यायच्या आणि संध्याकाळी बूट काढून अनवाणी नाचायच्या. सहा विद्यार्थिनी मिळाल्या आणि त्यांची नृत्यमंडळी उभी राहिली. नाच नव्या तऱ्हेचा होता. विभागप्रमुख एकदा दारातून डोकावले.

"काय हो, नाचताय की किल्ली शोधताय?"

"सापडली की कळवू," आयडेल म्हणाली.

पुढे वीस वर्षं मंडळी गावोगाव गाजली. माझं नाव कुठे छापून आलं नाही, पण मित्रांनो, त्या दोघी दर शनिवारी गुडघे टेकून मला पुसायच्या. मला तेवढं पुरे होतं.

वर्नाचा एक हट्ट होता. नाच कागदावर लिहायचा नाही, त्याचं चित्रीकरण करायचं नाही. पायांनी पायांना शिकवायचं.

"आणि मी मेले तर गं?" आयडेल चिडवायची.

"तू? तू मला पोचवून मग जाशील."

त्यांचा सगळ्यात गाजलेला नाच तळ्यावरचा बर्फ फुटतो त्याचा होता. त्याच्या शेवटी आयडेल एकटीच बारा पावलं टाकायची आणि बाकीच्या तिच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. वर्नासुद्धा. त्यामुळे ती पावलं त्यांच्यापैकी कुणी पाहिलीच नाहीत, नुसती ऐकली.

एका हिवाळ्यात आयडेल न्यूमोनियाने गेली. मंडळी हळूहळू पांगली. छत गळू लागलं, माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. खिडकीजवळची माझी एक फळी कुजली, तिथे नवी ठोकली.

गेल्या वर्षी लोर्ना नावाच्या तरुण शिक्षिकेने तो नाच पुन्हा बसवायला घेतला आणि ब्याऐंशी वर्षांच्या वर्नाला बोलावलं.

"वर्ना, शेवट तेवढा दाखवाल?"

"पाहिला असता तर दाखवला असता, बाळ. आवाज मात्र आठवतो."

तिने बूट काढले, डोळे मिटले आणि पायाने माझी एकेक फळी दाबून पाहू लागली. माझी प्रत्येक फळी वेगळी करकरते. मी जीव ओतून करकरले. एक, दोन, पाच, अकरा. ओळखीचा आवाज आला की ती हसायची. मग ती थांबली. पुढेमागे पाय फिरवून पाहिला.

"इथे काहीतरी हळू वाजायचं गं," ती म्हणाली.

ती नवी फळी होती. तिला आयडेल माहीतच नव्हती. वर्ना बराच वेळ तिच्यावर उभी राहिली, मग खुर्चीवर बसून रडली. मला तिचं फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी गोष्ट एकाच माणसाला येत असेल, तर पाठ करून उभे राहू नका. आज बघून घ्या, लिहून ठेवा. आता मुली अकरा पावलांवरच नाच थांबवतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

बारावं पाऊल डावं होतं. खिडकीकडे.