टोपलीतून गेलेले आजोबा

मी एक जुनी केराची टोपली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! विणणाऱ्या मावशींनी मला वेतापासून विणलं ते फळं ठेवायला. नशिबात मात्र चित्रकार ताईच्या टेबलाखालची जागा होती. एखाद्याला केराची टोपली दाखवली की लोकांना तो अपमान वाटतो. ताई मात्र मला दिवसातून वीसदा जवळ ओढते.

बारा वर्षं मी तिचे चुरगळलेले कागद खाते आहे. एक हात मनासारखा जमेपर्यंत तीस हात माझ्या पोटात जातात. कौतुक पुस्तकांचं होतं, माझ्याकडे कोण बघतो? पण तिची चिकाटी मी जवळून पाहिली आहे आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

मध्यंतरी ताई आपल्या वडिलांवर, म्हणजे तिच्या मुलीच्या आजोबांवर, मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करत होती. मनगट दुखत होतं आणि प्रकाशकांची घाई चालली होती. शेवटी तिने संगणकावरच्या एआयला चित्रं काढायला सांगितली. चुटकीसरशी आजोबा तयार! देखणे, हसरे. मी आठवडाभर रिकामी बसले.

शाळेतून आलेली तिची मुलगी ती चित्रं पुन्हा पुन्हा बघू लागली.

"काय गं, आवडली नाहीत?"

"छान आहेत. पण आपले आजोबा कुठेत? आपले आजोबा चहा पिताना चष्मा कपाळावर ढकलतात आणि मग घरभर शोधत बसतात."

ताईने दुखरं मनगट चोळलं. मग तिने प्रकाशकांना फोन लावला.

"चित्रात खिडकी कुठे, खुर्ची कुठे ठेवायची, ते एआयला विचारीन. त्याची मदत घेतली, असं पुस्तकात छापा. पण आजोबा मीच काढणार. जे माझ्या टोपलीतून गेलं नाही, त्याखाली माझं नाव नको."

"अहो ताई, मग पुस्तक यंदा निघायचं नाही."

"नाही तर नाही."

माझा ऊर भरून आला. मनगटाला पट्टा बांधून ती रोज थोडं थोडं काढत राहिली आणि मी पुन्हा काठोकाठ भरू लागले.

पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. आजोबांनी ते हातात घेतलं, डोळे बारीक केले.

"कोण गं हा म्हातारा? थांब, माझा चष्मा कुठाय?"

त्यांनी खिसे चाचपले, उशी उचलून पाहिली. नात हसून हसून लोळायला लागली. पुस्तकातले आजोबाही उशीखालीच शोधत होते. चष्मा दोघांच्याही कपाळावर होता.

मित्रांनो, एआयची मदत जरूर घ्या आणि घेतली तर तसं सांगा. पण आपलं माणूस काढायचं असेल, तर चुकत चुकत स्वतःच्या हाताने काढा. मला उपाशी ठेवू नका.