सासऱ्यांची घंटा आणि तीस अँपिअर

देव्हाऱ्यातली घंटा ताकेयोशीच्या हातून पडली आणि तिला तडा गेला. वाटीएवढीच होती, काशाची, छोट्या काठीने वाजवायची, पण सासऱ्यांनी स्वतः ओतलेली. जपानातल्या ताकाओकात निम्मं गाव ओताऱ्यांचं. कोणीही हसत हसत नवी करून दिली असती. पण हसतच दिली असती ना! मोरिशितांच्या घरजावयाने मेलेल्या सासऱ्याला पुन्हा मारलं, असं गावभर झालं असतं.

"मीच ओतणार," ताकेयोशीने जाहीर केलं.

त्याचा जन्म टपाल कचेरीत गेलेला. सासरे हयात असताना हा भट्टीकडे फिरकला, की ते म्हणत, "तुम्ही तिकिटं चिकटवा." ते अजून बोचत होतं. वर्षश्राद्धाला घंटा वाजली पाहिजे आणि ती आपल्या हातची पाहिजे, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

सासऱ्यांची कोळशाची भट्टी मोडीत गेली होती. ताकेयोशीने विजेची, इंडक्शनची बघायला घेतली आणि गडी तिच्या प्रेमातच पडला. पसंत केली ती तीन किलो धातू मावणारी, दोनशे व्होल्टची.

"घंटा केवढ्याची?" बायकोने, सुमिएने विचारलं.

"पाव किलोची."

"मग उरलेल्या जागेत काय, मला वितळवणार?"

"मोठी असलेली बरी."

"अहो, दोनशे व्होल्टची लाइन घरात एकच आहे, माझ्या शेगडीची; बाकी सगळं शंभरवर. भट्टी हवी की जेवण, ते एकदाच ठरवा."

दुकानदाराने फोनवर वेगळंच विचारलं. "साहेब, वीज किती अँपिअरची घेतलीय?"

"तीस."

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "मग एक किलोची, शंभर व्होल्टची घ्या. आणि ती चालू असताना घरात दुसरं काही लावू नका, नाहीतर मेन स्विच पडेल."

श्राद्धाच्या दिवशी पहाटे ताकेयोशीने जुनी घंटा वाळूत दाबून साचा घेतला, मग ती फोडून तुकडे भट्टीत टाकले. घरातले हीटर बंद. सासूबाई हात्सुनो ओव्हरकोट आणि टोपी घालून, एरवी खालून तापणाऱ्या पण आज गार टेबलाशी बसल्या. बाहेर बर्फ पडत होता. कासं लाल झालं, कडा सैलावल्या, आणि ठप्प! सगळं घर अंधारात.

भाताचा विजेचा कुकर लावलेल्या वेळी आपोआप चालू झाला होता. पहिला वाफाळता भात देव्हाऱ्यात सासऱ्यांना, हा घरचा नेम. रात्री सासूबाईंच्या हाताने सवयीने कुकरला पहाटेची वेळ लावली होती.

"बाबा मेल्यावरसुद्धा भट्टीला हात लावू देत नाहीत!" ताकेयोशी भट्टीच्या शेडमधून ओरडला. त्याला खरंच रडू येत होतं.

टॉर्च घेऊन सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुकर काढलाय. लावा भट्टी, जावईबापू."

"पण आई, बाबांचा भात?"

"जन्मभर मी जेवायची थांबले. आज हे थांबतील."

दुपारी घंटा साच्यातून निघाली ती एका बाजूला कललेली. सासूबाईंनी ती घासली, देव्हाऱ्यात ठेवली आणि वाजवली. टण्. बस, तेवढंच. जुनीचा नाद खोलीभर रेंगाळायचा. सुमिए छताकडे बघू लागली. ताकेयोशीची मान खाली गेली.

"ह्यांची पहिली याहून वाकडी होती," सासूबाई म्हणाल्या. "मी ती पाहिली होती. मी गावात बोलू नये म्हणून तर माझ्याशी लग्न केलं."

मग त्यांनी ती वाजवायची काठी ताकेयोशीच्या हातात दिली. आजवर त्या घरात ती त्याच्याकडे कोणी दिली नव्हती.

"वाजवा. भाताला उशीर का झाला, तेही तुम्हीच सांगा त्यांना."