घडीचा फोन

"मावशी, ह्याला आता काचेच्या कपाटात ठेवा. लोक तिकीट काढून बघायला येतील," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने फोन उघडला, मिटला, परत उघडला.

"आधी पिन बघ. तिकिटं मग छाप," हॅलोमावशी म्हणाली.

दुकान एवढंसं. दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. काउंटरच्या काचेखाली मोठाल्या पडद्यांचे फोन पालथे पडलेले, आणि त्यांच्यात मावशीचा हा करडा फोन, झिजत आलेल्या साबणाच्या वडीएवढा सडपातळ. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी नवऱ्याने तो आणला होता. "जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडलेस, आता हा तुझा एकटीचा," असं म्हणून त्याने तो हातात ठेवला होता. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. फोनवरचे आकडे पुसट झाले, पण मावशीच्या बोटांना आकडे बघायची गरज कधीच नव्हती.

इमारतीतल्या बायका आपापल्या फोनवर नातवंडांचे फोटो सरकवून दाखवायच्या आणि तिला नवा फोन घ्यायचा आग्रह करायच्या. मावशी म्हणायची, "माझ्या फोनला तोंड मिटता येतं. तुमचे बघा, कायम आ वासून." बायका हसायच्या, आणि पुढच्या आठवड्यात परत तोच आग्रह.

"चार्जिंगचं भोक सैल झालंय," दुरुस्तीवाल्याने निकाल दिला. "ह्याचा भाग आता कुठेच मिळत नाही. पिन लावून अशी वर दाबून धरायची, मग चार्ज होतो."

"किती वेळ धरायची?"

"जितका वेळ चार्ज व्हायला हवा तितका वेळ."

मावशीने मान डोलावली, पण ती जागची हलली नाही. पिन हे निमित्त होतं. खरा प्रश्न तिने घरून चार वेळा घोकून आणला होता. "मला सांग, ह्यातून दोन माणसांना एकमेकांशी जोडता येतं का? म्हणजे ती दोघं दोन गावांना, आणि मी मधे."

"येतं की! पहिल्याला लावा, त्याला थांबवून ठेवा. दुसऱ्याला लावा. मग हे बटण दाबून इथे यायचं आणि 'जोडा' म्हणायचं. झालं."

मावशीचा चेहरा एकदम खुलला. "अरे, म्हणजे हा माझा बोर्डच की!"

बोर्डावर तिची चौतीस वर्षं गेली होती. 'हॅलोमावशी' हे नाव त्यातूनच पडलेलं. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, आणि तिथे यंत्रं आल्यावर एका मोठ्या इस्पितळात. कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा, हातात दोरी. एका भोकातून माणूस उचलायचा, दुसऱ्या भोकात नेऊन पोचवायचा, "बोला" म्हणायचं आणि ताबडतोब बाजूला व्हायचं. पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंनी दम दिला होता, की जोडून झाल्यावर जी मुलगी लाईनवर राहील तिने उद्यापासून यायचं नाही. मावशी कधी राहिली नाही. जन्माच्या, मरणाच्या, भांडणाच्या, प्रेमाच्या किती बातम्या तिच्या बोटांतून गेल्या असतील, पण एकही तिने कानात घेतली नाही. हा तिचा मोठा अभिमान होता. त्याची किंमत काय पडली, ते तिला फार उशिरा कळलं.

तिला दोन मुली. थोरली एका रात्रीच्या प्रवासाएवढ्या लांबच्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. धाकटी जवळच्याच गावात तलावावर पोहायला शिकवायची. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या आणि एकमेकींना लाथा मारायच्या. वडील इस्पितळात होते तेव्हा त्यांनी धाकटीचा हात धरून "घरी ने" म्हटलं. थोरली फोनवरून सांगत होती, "मी येईपर्यंत थांबा." धाकटीने वडिलांचं ऐकलं. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले आणि थोरली संध्याकाळी पोचली.

"एक दिवस थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?" थोरली उंबऱ्यातच म्हणाली.

"तू एक दिवस आधी निघाली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?" धाकटी म्हणाली.

मावशी दोघींच्या मधोमध उभी होती. तिने मधे पडायला हवं होतं. ती पडली नाही. दोन माणसं बोलत असताना तोंड न घालण्याची चौतीस वर्षांची सवय. तेव्हापासून बहिणींनी जो अबोला धरला तो धरलाच. दोघी आईला रोज फोन करायच्या, एक दुपारी, एक संध्याकाळी, आणि दोघीही एकमेकींची चौकशी सोडून जगातल्या सगळ्यांची चौकशी करायच्या.

आता धाकटीच्या घशात गाठी निघाल्या होत्या. तलावाच्या काठावरून दिवसभर पोरांवर ओरडून ओरडून आवाज पार चिरकला होता. शुक्रवारी ऑपरेशन. "जिवाला काही नाही गं आई," ती म्हणाली होती, "पण नंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आणि डॉक्टर म्हणतात, आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही."

मावशीला रडू आलं ते ह्या शेवटच्या वाक्याने. ह्या दोघी शुक्रवारच्या आत बोलल्या नाहीत, तर धाकटीचा तो आवाज, जो ती पाळण्यात असल्यापासून थोरलीने ऐकला होता, तो थोरलीला पुन्हा ऐकायला मिळेलच असं नव्हतं. आणि मग समेट होईल तेव्हा होईल, पण तो आवाज कुठून आणणार?

बुधवारी दुपारी तिने केस विंचरले. कामावर जाताना विंचरायची तसे. खुर्चीत ताठ बसून तिने आधी धाकटीला लावलं. "जरा धर," म्हणाली. मग थोरलीला लावलं. "जरा धर," तिलाही म्हणाली. बटण दाबलं, 'जोडा' आलं, ते दाबलं.

"बोला," मावशी म्हणाली.

"हॅलो?" थोरलीचा आवाज आला.

"हॅलो... कोण? ताई?" धाकटीचा फाटका आवाज आला.

तीन वर्षांनी तो 'ताई' ऐकला आणि मावशीचे डोळे भरून आले. काम झालं होतं. लाईन लागली होती. आता बाजूला व्हायला हवं. आणि जे तिने आयुष्यात लाखो वेळा केलं होतं तेच तिने केलं. हलक्या हाताने, जराही आवाज न करता, फोन मिटला.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि चक्क गुणगुणत तिने चहा टाकला. पहिला घोट घेतला तेवढ्यात फोन वाजला. झाकणावरच्या चिमुकल्या खिडकीत थोरलीचं नाव.

"आई, पुन्हा असलं काही करू नकोस," थोरली रडत होती. "माझा आवाज ऐकला मात्र, फोन ठेवला तिने. सरळ ठेवला!"

"नाही गं, ती..."

"राहू दे. कळायचं ते कळलं मला."

तो फोन संपतो न संपतो तो धाकटीचा. "बघितलंस ना? ताई म्हटलं मी तिला. मी म्हटलं! आणि तिने ठेवला."

मावशी हातातल्या फोनकडे बघत राहिली. दोघींना जोडणारी लाईन ह्याच फोनमधून जात होती. तिने मिटला म्हणजे तिघींचं बोलणं संपलं. बोर्डावरून हात काढला तरी दोरी तिथेच राहायची, माणसं बोलत राहायची. इथे दोरी ती स्वतःच होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षांनी एकदा लागलेली लाईन, आणि ती तिनेच तोडली होती.

तिने लगेच परत लावलं. थोरली उचलेना. धाकटीही उचलेना. त्या दिवशी दोघींचे रोजचे फोनही आले नाहीत.

गुरुवारी सकाळी तिने पिन लावली आणि ती अंगठ्याने वर दाबून धरली. मग चष्म्याच्या दुकानाचा नंबर फिरवला, आणि दुकानातल्या मुलाला आपल्या इस्पितळातल्या आवाजात सांगितलं, "तातडीचा कॉल आहे. तुमच्या बाईंना द्या." त्या आवाजापुढे भले भले डॉक्टर निमूट उभे राहायचे. थोरली लाईनवर आली. मग तलावाच्या ऑफिसात तोच आवाज, तीच तातडी. धाकटी धापा टाकत आली. मावशीने दोघींना जोडलं, पण ह्या वेळी "बोला" म्हटलं नाही.

"काल फोन मी मिटला," ती म्हणाली. "तुम्ही कोणी नाही. जोडला आणि सवयीने मिटला. म्हातारी झाले, अक्कल आली नाही."

कोणी काही विचारायच्या आत ती पुढे म्हणाली,

"आणि अजून एक ऐका. त्या दिवशी दारात तुम्ही दोघी भांडलात तेव्हा मी मधे होते आणि गप्प बसले. मी सांगायला हवं होतं. थोरले, त्यांनी स्वतः घरी ने म्हटलं होतं. मी ऐकलंय ह्या कानांनी. आणि धाकटे, ही तिकीट मिळत नव्हतं म्हणून सहा तास स्टँडवर उभी होती. तेही मला माहीत होतं. दोघींचं दोघींना सांगितलं नाही मी. चुकलं माझं."

एवढं एका दमात बोलायची तिला सवय नव्हती.

"बाबांनी म्हटलं होतं?" थोरलीने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"हो, ताई," धाकटी म्हणाली. "माझा हात सोडत नव्हते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"अगं, पण तुझा आवाज... छोटे, तुझ्या आवाजाला काय झालंय?"

इथे मावशीने फोन कानावरून काढला आणि उघडाच मांडीवर ठेवला. मिटायचा नव्हता आणि ऐकायचाही नव्हता. बॅटरीची एकच कांडी दिसत होती, तीही लुकलुकत. तिने पिन आणखी जोरात दाबली. अंगठा दुखायला लागला, पण हात बदलायची सोय नव्हती, कारण बदलताना पिन सुटली असती. शेजारीण दार उघडं बघून "अहो, साखर..." म्हणत आत आली. मावशीने एका हाताने तिला गप्प राहायची खूण केली आणि डब्याकडे बोट दाखवलं. शेजारणीने स्वतः साखर काढून घेतली आणि चवड्यांवर चालत निघून गेली. मांडीवरून बारीक कुजबुजल्यासारखा आवाज येत राहिला. एकदा कोणीतरी रडलं. बऱ्याच वेळाने कोणीतरी हसलं, आणि ते हसणं फाटकं होतं.

पाऊण तासाने पडद्यावरचे दोन्ही नंबर आपोआप गेले. दोघींपैकी कोणीही आईला 'ठेवते' म्हणालं नव्हतं. ती लाईनवर आहे हेच दोघी विसरल्या होत्या. मावशीने अंगठा सोडवला, तोंडात धरला आणि पोटभर रडून घेतलं.

ऑपरेशनच्या वेळी आत एकाच माणसाला सोडणार होते. कागदावर मावशीचं नाव होतं आणि तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. गुरुवारी संध्याकाळी थोरलीचा फोन आला. "आई, मी गाडीत बसलेय. उद्या आत मी थांबले तर तुला राग नाही ना येणार?"

"राग कसला? माझे गुडघे तुला दुवा देतील," मावशी म्हणाली. खरं तर तिला तिथे जायचं होतं. खूप जायचं होतं. तिने पिशवीतून आपला चष्मा, गोळ्या आणि स्वेटर काढून जागच्या जागी ठेवले.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. उघडायच्या आधी तिने एक मोठा श्वास घेतला.

"आई, झालं. दोन गाठी होत्या, दोन्ही काढल्या. शुद्धीवर आहे."

मावशीचा जीव भांड्यात पडला. "तिला दे जरा."

"देऊन काय करू? बोलायचं नाहीये तिने."

"मी बोलेन. दे."

पलीकडे खसफस झाली आणि मग नुसता श्वास ऐकू आला. मावशी काहीबाही बोलली, बरी हो म्हणाली, उशी उंच घे म्हणाली. श्वास ऐकत होता. मग थोरलीने फोन घेतला.

"थांब, ती लिहितेय काहीतरी. अक्षर बघ हिचं, काही सुधारणा नाही. 'आई, तू जेवलीस का?' असं लिहिलंय."

"जेवले म्हणावं."

"जेवली म्हणतेय गं. थांब आई, अजून आहे. 'ताई खुर्चीत घोरत होती. नर्स हसत होत्या.' साफ खोटं आहे हे, आई! मी डोळे मिटून बसले होते नुसती."

मावशी हसली. पलीकडे पुन्हा पेन्सिल चालू झाली. ह्या वेळी बराच वेळ चालली. मग थोरली वाचायला लागली, "'त्या दिवशी बाबा...'" आणि थांबली.

"काय लिहिलंय?" मावशीने विचारलं.

थोरलीने नाक ओढलं. "हे तुझ्यासाठी नाहीये, आई. मला लिहिलंय."

"मग वाच की सावकाश," मावशी म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

आणि ती फोन कानाला धरून बसून राहिली.