कधीच न हरलेला संघ

अध्यक्षांनी माझ्या हातात गुच्छ कोंबला आणि माइकवर गरजले, “हरणं म्हणजे काय, ते या बायकांना ठाऊकच नव्हतं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण क्लबच्या आमच्या जुन्या व्हॉलीबॉल संघाच्या नावाने चाललेला तो सत्कार माझा नव्हताच. तिसऱ्या रांगेत माझी सून बसली होती, क्लबच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक. दोन वर्षांपूर्वी क्लबने चांगल्या खेळाडू एकेक करून दुसरीकडे जाऊ दिल्या, शाळकरी पोरींचा घोळका हिच्या हवाली केला आणि सांगितलं, नवा संघ उभा करा. ती उभा करते आहे. संघ हरतो आहे. आज वर्धापनदिनाला सगळ्यांदेखत तिला नारळ द्यायचा बेत होता, हे क्लबात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्याआधी तिला खिजवायला मला मांडून ठेवलं होतं.

“दोन शब्द बोला, काकू. जिंकणं कशाला म्हणतात ते या पोरींना कळू दे.”

मी माइक ओढून घेतला.

“आम्ही हरायचो,” मी म्हणाले. “हा हॉल तेव्हा गोदाम होता. जाळं खिडकीच्या गजांना बांधायचो. गुडघ्यांवर जुन्या स्वेटरच्या बाह्या चढवायचो. काय दिवस होते ते! आणि काय सपाटून हरायचो! आमची सेटर मला मारायला चेंडू उचलून द्यायची तो कधी छताला, कधी पंचांच्या टकलावर. चार वर्षं हेच. पाचव्या वर्षी चेंडू नेमका माझ्या हाताच्या वर येऊन थांबायला लागला. तुम्हाला आठवतात ती फक्त त्यानंतरची वर्षं.”

“काकू, वेळ कमी आहे...”

“अध्यक्ष, तुम्ही होतात की तेव्हा! त्या मागच्या खिडकीत बसून ओरडायचात, ‘बायांनो, घरी जा, भांडी घासा!’ आवाज अजून तसाच खणखणीत आहे हो.”

हॉल हसला. अध्यक्षांचे कान लाल झाले. मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही.

मागून एका खेळाडूची आई उठली. “ते ठीक आहे, पण आमच्या पोरी रडत घरी येतात. अजून किती हरायचं?”

सून उभी राहिली.

“पुढचं वर्षही हरू. त्याच्या पुढच्या वर्षी टक्कर देऊ. एकाच वर्षात निकाल हवा असेल, तर मला आत्ताच काढा.”

ती आई म्हणाली, “निदान ही खरं तरी बोलते.” दोनचार माना डोलल्या. अध्यक्षांनी हॉलभर नजर फिरवली आणि जणू आपल्यालाच सुचलं अशा थाटात हसून जाहीर केलं, “दिली दोन वर्षं! पण त्यानंतर एक दिवसही नाही!”

पुन्हा टाळ्या. याही त्यांनाच.

घरी जाताना मी धुमसत होते. “तो गुच्छ त्याच्या तोंडात कोंबायला हवा होता.”

“आई, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत. दोन वर्षांत जिंकाल ना गं?”

“नाही. तीन लागतील. मी टक्कर म्हणाले, जिंकू कुठे म्हणाले?”

“मग तिसऱ्या वर्षाचं काय?”

“तेव्हा तुम्ही भांडा.”

“तोवर मी जगले तर!”

“जगाल,” ती म्हणाली. “अजून एवढ्या चिडता.”